गिरणीतल्या पाण्याची रेघ

आमच्याकडं दसरा दोनदा येतो. एक पंचांगातला, अन् दुसरा त्याच्याआधी बायांच्या कंबरेवर येतो तो. घट बसायच्या आत घरातली झाडून सगळी वस्तू बाहेर निघाली पाहिजे, भांडी घासून झाली पाहिजेत, गोधड्या धुऊन उन्हात पडल्या पाहिजेत, भिंतींना चुना लागला पाहिजे. याला दसरा काढणं म्हणतात. ही पद्धत ज्यानं पाडली तो गडी असणार, बाई बिलकुल नसणार, असं मी लग्न होऊन आले तेव्हापासून म्हणत आलेय. त्यावर आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, एकच उत्तर द्यायच्या. "तोंडानं दसरा निघत न्हाई. हात चालव."

आमची पिठाची गिरणी आहे. कुंभार पिंपळगावच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला आमचं गाव. घर वरच्या आळीला अन् गिरणी खाली, बाजाराच्या पटांगणाला लागून, नाल्याच्या काठावर. सासरे गेले तेव्हा आमचे हे अजून शाळेतही जात नव्हते. गावात तेव्हा गिरणी नव्हती, बाया डोक्यावर दळण घेऊन पिंपळगावला जायच्या. आत्याबाईंनी पाटल्या मोडल्या. "बाईमाणूस चक्की चालवणार व्हय?" असं भावकीनं हसून घेतलं, ते ऐकून घेतलं. अन् गिरणी टाकली. त्या गिरणीवर लेकरं मोठी केली, लग्नं लावली. मी आले तेव्हा त्यांच्या भुवयांवर कायम पीठ असायचं, मला वाटलं बाई म्हातारी आहे. सणाला डोकं धुतलं तर केस काळेभोर निघाले.

त्यांचा एकच नियम होता. लोकाचं दळण म्हणजे अमानत. आपलं पोतं उंदरानं फोडलं तर त्या नुसत्या शिव्या द्यायच्या, पण कुणाच्या डब्यातले पसाभर गहू सांडले तर घरच्या पोत्यातले भरून द्यायच्या, अन् वर मला बोलून घ्यायच्या. आम्हा दोघींचं भांडण गिरणी चालू असतानाच व्हायचं. त्या आवाजात गावाला काही ऐकू जात नव्हतं, म्हणून आमच्या घराचं नाव चांगलं राहिलं.

अलीकडं गिरणीचे दिवस वाईट आले. पिशवीतला आटा दुकानात मिळतो, कुणी घरातच छोटी चक्की घेतली. हे वैतागले होते. "आता एखादा मोठा खर्चा निघू दे, भंगारवाल्याला बोलावतो अन् मोकळा होतो," असं जेवताना म्हणायचे. पुण्याला कंपनीत असलेला आमचा मुलगाही तिकडून हेच म्हणायचा. आत्याबाई भाकरी मोडता मोडता म्हणायच्या, "माझी तिरडी उठू दे, मंग तिच्यामागंच तुझी भंगाराची गाडी काढ." हे ताट पुढं ओढून जेवायला लागायचे. पण गेल्या दोनेक वर्षांत हे खरंच मोठ्या खर्च्याची वाट बघायला लागले होते, ते मलाही दिसत होतं अन् त्यांनाही.

त्या वर्षी पितरपाठ सरत आला होता. गिरणीचा पट्टा तुटायला आला म्हणून हे जालन्याला निघाले, अन् मला डोळे दाखवायचे होते म्हणून मीही गेले. आत्याबाई गिरणीवर थांबल्या. बाजाराचा दिवस तोंडावर होता, फळीखाली डब्यांची रांग लागलेली. "जल्दी या," एवढंच म्हणाल्या. जालन्यात पट्टा घेतला, डोळे दाखवले, अन् आभाळ फाटलं म्हणतात तसं झालं. वरून धरणाचं पाणीही सोडलेलं. अंबडच्या पुढं पूल बुडाला, एसटी तिथूनच मागं फिरली. अंबडला नणंद दिलेली आहे, तिच्या घरी थांबलो. दुपारी आत्याबाईंचा फोन एकदाच लागला. "पाणी नाल्याच्या वर आलंय, मी घरी निघाले," म्हणाल्या. मग फोन बंद झाला तो बंदच.

दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून गावात पोचलो. आत्याबाई घराच्या ओट्यावर बसलेल्या, कोरडं लुगडं नेसलेल्या, हातात चहाची बशी. आवाज बसलेला. माझा जीव भांड्यात पडला.

"आलात? गिरणीत पाणी गेलंय," त्या म्हणाल्या. "लोकाचं दळण समदं फळीवर हाय. एक डबा भिजला न्हाई. पाणी यायच्या आधीच चढवलं म्या."

"अन् मोटर?" ह्यांनी विचारलं.

"मोटरला पाय असते तर तिलाबी घरी आणली असती."

खाली गेलो. गिरणीत घोट्याच्या वर गाळ. मोटर चिखलात गेलेली, दगडांच्या फटीत पिठाचा लगदा, विकायला आणलेल्या गव्हाची पोती फुगून फाटलेली अन् त्याला आंबूस वास. भिंतीवर चारी बाजूंनी एकसारखी तपकिरी रेघ होती, पाणी तिथवर चढलेलं. तिच्या वर फळीवर लोकांचे डबे कोरडे ठणठणीत, एकाला एक लागून. हे उंबऱ्यातच उभे राहिले. आत आलेच नाहीत. तिथूनच म्हणाले, "झालं. निघाला मोठा खर्चा."

आमच्या शेजारी गाद्या भरणारे चाचा आहेत. त्यांचा सगळा कापूस भिजून दुकानात दलदल झालेली. ते दारातून म्हणाले, "भाऊ, घाई नका करू. सरकार दुकानदारांना मदत देऊन राह्यलं म्हणतेत. तलाठी मॅडम येणार, पंचनामा करणार, मंग पैसे खात्यात."

ह्यांनी आईकडं बघितलं. "ठीक आहे," म्हणाले. "सरकारनं दिलं तर मोटर भरून आणू, आतली तार नवी करू, चालू करू. न्हाई दिलं तर इकली. आता मधात कुणी बोलायचं न्हाई."  लुगड्याचा पदर कंबरेला खोचून आत्याबाई नुसत्या भिंतीकडं बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर त्या घरात नाहीत. खाली गिरणीत जाऊन बघते, तर बाई हातात काथ्या घेऊन भिंत घासायला लागलेल्या. आता दसरा काढायचाही एक क्रम असतो. आधी आढ्याची जळमटं, मग भिंती वरून खाली, मग जमीन. उलटं केलं तर वरची घाण खाली येते, काम दुप्पट होतं. हे त्यांनीच मला शिकवलं होतं, अन् चुकले तेव्हा बोलूनही घेतलं होतं. त्या दिवशी त्या जळमटं वर तशीच ठेवून भिंतीच्या मधलाच पट्टा घासत होत्या. मला वाटलं बाईंचं वय झालं.

"अहो आत्याबाई, थांबा की. मॅडम येऊन बघून जाऊ द्या."

"परवा घट बसायचे. चिखलात देवी बसवू? आपला दसरा तुझ्या मॅडमसाठी थांबंल व्हय?"

घरचे घट घरी बसतात, पण त्यांचा एक छोटा घट दर वर्षी गिरणीतही असतो. मी मनात म्हटलं, खरं आहे. साऱ्या गावानं पाणी बघितलंय, चाचांनी बघितलंय, पुरावा कशाला लागतो? गावातल्या कुणालाही विचारा. मीही बादली घेतली. ह्यांनी मोटर काढून पिंपळगावच्या मिस्त्रीकडं टाकली होती, निदान किती खर्चा येतो ते कळावं म्हणून. सडका गहू उकिरड्यावर गेला. गाळ नाल्यात गेला. मग चुना कालवला. आत्याबाईंच्या अंगात कणकण होती, घसा पार बसलेला, मी ब्रश हातातून घ्यायला गेले तर हात झटकला. ती मधली भिंत त्यांनीच रंगवली, दोन हात दिले. गिरणी इतकी पांढरी मी आधी कधी बघितली नव्हती.

तलाठी मॅडम चौथ्या माळेला आल्या. रस्ते बंद होते, त्यांच्याकडं गावंही पुष्कळ, पोरगी बिचारी चिखलानं माखलेल्या स्कुटीवर फिरत होती. आधी चाचांकडं गेली. तिथं दलदल जशीच्या तशी. फोटो काढले, अंगठा घेतला, झालं काम. मग आमच्या दारात आली अन् थबकली. शेणानं सारवलेली जमीन, पांढऱ्याशुभ्र भिंती, कोपऱ्यात घट, त्यावर झेंडूची माळ, पुढं दिवा.

"इथं काय झालं होतं?" तिनं विचारलं.

काय झालं होतं! मी सांगितलं, हातवारे करून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग मोबाईल दाखवून म्हणाली, "ताई, ह्यात नुकसानीचा फोटो टाकल्याशिवाय पुढं जातच नाही. फोटोत जे दिसतं तेच मला लिहावं लागतं. अन् मला तर इथं देवघर दिसतंय."

"म्हणजे आम्ही चिखलात बसून तुमची वाट बघायची होती का?"

"शेजारच्यांनी बघितलीच की."

चाचा बाहेर उभे होते. ते पुढं आले, त्यांनी पाणी किती होतं ते सांगितलं, पाहिजे तिथं सही करतो म्हणाले. पोरीनं मान हलवली, फोटो लागतो म्हणाली. तिनं काय लिहिलं ते मी खांद्यावरून वाचलं. पाहणीत नुकसान आढळून आले नाही. ती वाईट नव्हती. जाताना घटाला नमस्कार करून गेली, त्याचाच मला जास्त राग आला.

ती गेल्यावर चाचा म्हणाले, "वहिनी, आमच्यात दसरा काढायचा नसतो म्हणून मी वाचलो. आमच्या दुकानातला चिखल न्या, बहोत पडेला है. फासा भिंतीला, मॅडमला उद्या फिरून बोलवू." ते थट्टेनं म्हणाले का मनापासून, कुणास ठाऊक. मी मात्र बादली उचललीच. वळले, तर दारात आत्याबाई.

"घट बसल्यात," त्या म्हणाल्या.

माझं डोकं फिरलं. "घट बसले, आता आपणबी बसू हातावर हात धरून!" मी म्हटलं. "तुमच्या दसऱ्यानं आपलं दिवाळं काढलं, आत्याबाई! कुणी सांगितलं होतं एवढं पांढरं करायला?"

इतक्या वर्षांत मी एक बोलले तर त्या दोन बोलल्या नाहीत असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी त्या काहीच बोलल्या नाहीत. खोकला आला, पदर तोंडाला लावून घटापाशी जाऊन बसल्या अन् दिव्यात तेल घालत राहिल्या. मला वाटलं चूक कळली म्हणून गप्प आहेत. खरं सांगते, त्यावेळी मला बरंच वाटलं.

खंडेनवमीला ह्यांनी गिरणीच्या दगडांची पूजा केली. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. संध्याकाळी भंगारवाल्याला फोन लावला. तो पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला.

त्याच आठवड्यात चाचांनीच बातमी आणली. ज्यांचं राहून गेलं त्यांच्यासाठी घनसावंगीला तहसीलमध्ये कॅम्प आहे, साहेब स्वतः ऐकून घेणार. हे जायला तयार नव्हते. "काय सांगणार? आम्ही पुसून टाकलं म्हणून?" आत्याबाई आतून आल्या. इरकली लुगडं नेसलेल्या, डोक्यावरून पदर. "म्या पुसलं. म्या सांगते," म्हणाल्या अन् चपला घालून रस्त्याला लागल्या. मग काय, आम्ही दोघं मागं.

काळीपिवळी जीपमध्ये कोंबून गेलो. तहसीलच्या मांडवात ही गर्दी. कुणाची पानटपरी वाहून गेलेली, कुणाचं शिलाई मशीन, एका बाईचं तर अख्खं चहाचं हॉटेल. सगळे मोबाईलमधले फोटो उघडून उभे. आमच्याच हातात काही नव्हतं. टेबलामागं नायब तहसीलदार साहेब बसलेले, डोळे तांबारलेले, शेजारी आमची ती तलाठी पोरगी. आमचा नंबर आला तेव्हा ह्यांनी मला पुढं केलं. मग मीच सुरू झाले. गिरणी किती वर्षांची, मोटर कशी गेली, गहू कसा सडला, दसरा म्हणजे काय असतं, तुमच्या घरी तुमची बायको काढत नाही का. माझा आवाज चढत गेला. मागचे लोक हसायला लागले.

साहेबांनी हात वर केला. "बाई, मी खोटं म्हणतच नाही. पण मला काहीतरी लिहावं तर लागेल? बरं, एवढं सांगा. गिरणीत पाणी किती चढलं होतं?"

मी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी माझ्याकडं. ती रेघ आम्ही एकदाच बघितली होती, तीही त्या घाईत. "चांगलं कंबरेच्या वर होतं," मी म्हटलं. "छातीला असंल," हे म्हणाले. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

तेव्हा आत्याबाई पुढं झाल्या. त्यांनी उजवा हात आडवा धरला अन् हनुवटीच्या खाली, गळ्याला लावला.

"इथं," त्या म्हणाल्या.

साहेब जरा हसले. "आजी, तसं नाही. भिंतीवर कुठपर्यंत होतं ते सांगा."

"भितीचं मला काय माहीत? म्या भितीकडं बघत नव्हते. इथं होतं." हात तिथंच. "थंडगार होतं. तोंडात जाऊ न्हाई म्हणून मान वर धरली होती."

क्षणभर मला कळलंच नाही त्या काय सांगताहेत. मग कळलं. ह्यांना माझ्याआधी कळलं होतं. त्यांनी टेबलाची कड धरली होती.  तलाठी पोरगी उभी राहिली होती.

"आजी," साहेब हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही आत होता?"

"मंग डबे काय आपले आपण वर गेले?"

साहेबांनी पेन पुन्हा उचललं. मग पोरीला म्हणाले, "उद्या पुन्हा जाऊन या. ह्यांना भिंतीपाशी उभं करा, मोजा, फोटो घ्या. शेजाऱ्यांचा जबाब घ्या." आम्हाला म्हणाले, "मी पाठवतो वर. मिळेलच असं सांगत नाही." आत्याबाईंनी त्यांना हात जोडले.

बाहेर आलो तर हे आमच्याकडं न बघता पाण्याच्या टाकीकडं निघून गेले. आम्ही दोघी आवारातल्या लिंबाखाली बसलो. मी बराच वेळ गप्प होते, अन् मी गप्प आहे म्हणजे काय ते आत्याबाईंना माहीत होतं. त्याच बोलल्या.

"फोन केला तवा निघालेच होते घरी. कुलूप हातात होतं. मंग डब्याकडं बघितलं. बाजाराचं दळण, एवढ्या लोकाचं. म्हटलं चढवून जाऊ. दोन-तीन चढवले तोवर पाणी आत आलं. डबे तरंगायला लागले गं. दाराकडं निघाले समदे, रांगेनं. मंग काय करते? दार लावलं. आतून खालची कडी घातली."

"आतून?"

"उघडं ठिवलं असतं तर नदीला गेले असते. पण एक बरं झालं. पाण्यानंच डबे वर आणले, जड लागले न्हाईत. नुसते ढकलायचे फळीवर. शेवटचा ढकलला तवा दार उघडायला गेले तर उघडंना. कडी पार तळाला पाण्यात, हात पुरंना. मंग फळीला धरून उभी राह्यले. उतरलं पाणी दिवस मावळता मावळता."

एवढं सांगून त्या कमरेची पिशवी काढून सुपारी शोधायला लागल्या. मला रडू आलं, अन् रडू आलं की मला राग येतो. "अन् पुसलं कशाला मग?" मी ओरडलेच. "तेवढी रेघ ठेवली असती तर हे सगळं झालंच नसतं! सांगायला काय झालं होतं?"

त्यांनी सुपारी शोधायची थांबवली. "तू त्याला वळखत न्हाईस का? त्यानं ती रेघ नीट बघितली असती. मंग फळीवरचे डबे बघितले असते. अन् मंग माझ्याकडं बघितलं असतं. त्याच दिवशी इकली असती त्यानं गिरणी. सरकारची वाटबी बघितली नसती." त्यांचा बसका आवाज आणखी बसला. "म्हटलं, त्याला दिसायच्या आत पुसून घ्यावं. दसरा व्हताच."

म्हणजे गिरणी वाचवायला म्हणून जे पुसलं, त्यानंच गिरणी जायची वेळ आली होती, अन् दिवाळं काढलं म्हणून मी ज्यांना बोलले त्या हे सगळं पोटात ठेवून दिव्यात तेल घालत बसल्या होत्या. मी त्यांचा हात धरला. त्यांनी थोडा वेळ धरू दिला, मग म्हणाल्या, "सोड आता, लोक बघून राह्यले."

दुसऱ्या दिवशी पोरगी टेप घेऊन आली. आत्याबाईंना भिंतीला पाठ लावून उभं केलं. मागं तो दोन हातांचा पांढरा चुना, पुढं ही एवढीशी बाई, पाय उघडे, हात गळ्यापाशी आडवा. पोरीनं जमिनीपासून त्या हातापर्यंत टेप धरला, चाचांचा जबाब लिहून घेतला. "आजी, इकडं बघा," म्हणाली अन् फोटो काढला. मला वाटतं त्या मांडवात जमलेल्या साऱ्या फोटोंत चिखल नसलेला तेवढा एकच असेल. हे दारात उभे होते. कडीचं मी त्यांना रात्रीच सांगितलं होतं, तेव्हापासून ते आईकडं बघतच नव्हते. फोटो झाल्यावर ते दारापाशी वाकले अन् दाराच्या आतल्या बाजूला काहीतरी बघत राहिले.

भंगारवाला आला तेव्हा ह्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवला. कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मदत आली. संक्रांत होऊन गेल्यावर आली, मोटरीला पुरली, बाकीच्याला नाही. पण आली. गावातले काही जण म्हणाले, म्हातारीनं नाटक बरं केलं. त्यातल्या एकाचं दळण त्या फळीवर होतं. मी त्याला भर बाजारात काय बोलले ते इथं लिहीत नाही. आत्याबाईंनी त्याचं दळण मात्र पहिल्याच दिवशी घेतलं.

गिरणी सुरू व्हायची होती त्या सकाळी आत्याबाई सगळ्यांच्या आधी तयार. छिन्नीनं टाकी लावून दगड नवे केले होते, नवा पट्टा चढवला होता, तोच, आम्ही जालन्याहून आणलेला. त्यांनी मोटरीला हळदकुंकू लावलं. बाहेर गर्दी होऊन कालवा चालला होता, म्हणून पूजेपुरतं दार लावायला गेल्या. दार लोटलं, अन् वाकून हात कडीला घातला तो तिथंच राहिला. कडी नव्हती. चार स्क्रूची चार भोकं होती.

"कडी कुठं गेली रे?"

"काढली," हे म्हणाले. पट्ट्याकडं बघतच म्हणाले.

"कामून?"

"लागत न्हाई."

"न्हाई कशी लागत? उद्या पाणी आलं तर? लोकाचे डबे?"

हे वळले. तहसीलमधून आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी आईकडं नीट बघितलं. "जाऊ दे वाहून," म्हणाले.

त्या गिरणीत असं आजवर कुणी बोललं नव्हतं. मला वाटलं आता बाई भडकणार. अमानत काढणार, पाटल्या काढणार, भावकी काढणार. आत्याबाई वाकून त्या भोकांवरून बोट फिरवत राहिल्या. मग पदरानं डोळे पुसले, पीठ गेलं म्हणाल्या, अजून तर दळण सुरूही झालं नव्हतं.

"भोकं तरी बुजव मंग," त्या म्हणाल्या. "मुंग्या घर करतील."